भोंग्यातून आलेली भैरवी

मनसाराम भानारकर रंगमंचावर मरायला उभा राहिला की अख्खा मांडव श्वास रोखून बसायचा. आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी, पार चिमूरपर्यंत कुठल्याही गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, असो, त्याचं मरण पाहायला लोक बैलबंड्या जुंपून यायचे. छातीत तलवार रुतलेली, एक गुडघा जमिनीला टेकलेला, आणि अशा अवस्थेत तो भैरवी उचलायचा. ‘नाव सोडली मी वैनगंगे, काठ तुझा तू ठेव.’ पद त्याचंच, चालही त्याचीच. शेवटचा सूर विरला की माणूस कोसळायचा. मग मांडवातून ‘वन्स मोअर’ची आरोळी उठायची. मेलेला मनसाराम उठून बसायचा, धोतर झटकायचा, पेटीवाल्याकडे पाहून मान हलवायचा आणि पुन्हा तितक्याच मनापासून मरायचा.

आता असे मरणारे राहिले नाहीत. असो.

दिवसा तो बोडीटोल्याच्या तलावात जाळं टाकणारा ढिवर होता. बायको लवकर गेली. मोठी कुंता आणि धाकटा सुरेंद्र अशी दोन लेकरं. सुरेंद्र मामाकडे राहायचा, पण कुंताला बापाशिवाय झोप लागत नसे. म्हणून दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की पोरगी कपड्यांच्या पेटीवर गोधडी टाकून विंगेत झोपायची आणि तिसऱ्या घंटेला आपोआप जागी व्हायची. जागं व्हायला कारण होतं. दुसरा अंक सुरू होण्याआधी बापाच्या डाव्या गालात ताजा खर्रा लागायचा आणि तो घोटायचं काम कुंताचं होतं.

प्लास्टिकच्या पन्नीचा तुकडा पाटावर पसरायचा. त्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि बोटभर चुना. मग तळहाताच्या मुळानं रगडत राहायचं, सुपारी तेलकट दिसेपर्यंत आणि तंबाखूचा वास नाकात चढेपर्यंत. पोरीचा हात इतका बसला होता की कंपनीतले नट रंग लावलेल्या तोंडानं तिच्यासमोर येऊन उभे राहत.

“अवं कुंते, मले बी घोट न,” विनोदी भूमिका करणारा झिंगू म्हणायचा. “तुह्या हातच्या खर्र्यानं लोकं जास्त हासतेत माह्यावर.”

“तुमच्यावर खर्र्यानं नाई, तोंडानं हासतेत, झिंगूकाका.”

“पाह्य मनसाराम, तुही पोरगी विनोदी पार्ट घेऊन राह्यली माह्या!”

खर्रा गालात ठेवून मनसाराम भैरवी गायचा. लोक म्हणत, त्या गालातूनच सूर येतो.

ही गोष्ट मात्र त्याच्या पोरीची आहे. बापाला बाजूला ठेवून ती सांगता येत नाही, एवढंच.

कुंता आरमोरीला शिकली, मग ब्रह्मपुरीला, मग नागपूरला. शिष्यवृत्ती मिळत गेली आणि पोरगी पुढे जात राहिली. एकोणीसशे नव्वदच्या आसपास ती मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत पोचली. तिथं पहिल्यांदा तिनं काचेच्या नळीत डीएनएचा धागा पाहिला. पेशींतून काढलेला, पांढरा, काचेच्या काडीला गुंडाळत वर येणारा. शेजारची मुलं टाळ्या वाजवत होती. कुंताला वाटलं, हे तर जाळ्याचं सूत. पाण्यातून काढल्यावर असंच चिकटतं, असंच लोंबतं.

त्या धाग्यावर शरीराचं सगळं लिहिलेलं असतं. ते वाचणं हा तिचा धंदा झाला. रात्रंदिवस चालणारी यंत्रं, जेलीसारख्या पातळ पाटीवर उमटणाऱ्या काळ्या रेघा, एका अक्षरासाठी घालवलेले महिने. मुंबईत लोक तिला डॉक्टर भानारकर म्हणत. तिथं ती ‘येते, जाते’ बोलायची. बोडीटोल्याच्या पांदीत पाय पडला की ‘येतो, जातो’, झाडीपट्टीतल्या सगळ्या बायांसारखं.

कोणत्या रोगावर काम करायचं हे तिला कुणी सांगितलं नाही. कंपनीतला पेटीवाला बुधू गालाला भोक पडून गेला. शस्त्रक्रिया झाली होती, पण उशिरा. शेवटच्या वर्षी त्याला भात गिळता येत नव्हता आणि बोलणं फक्त मनसारामला कळायचं. बुधूच्या तेरवीला कुंता आली होती. पंगत उठल्यावर माणसं ओट्यावर बसून खर्रा घोटत होती, बुधूच्याच आठवणी काढत. आलेल्याच्या हातावर खर्रा ठेवणं हा आपल्याकडचा मान. तो नाकारला तर माणूस रागावतो. कुंता तिथून उठली. मुंबईला परतली आणि तोंडाचा कर्करोग हाच विषय मागून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात बाप अंगणात जाळं सांधत बसला होता. तो म्हणाला, “तू करतेस तरी का तिथी? लोकं इचारतेत, मले सांगता येत नाई.”

मग नाटकवाल्याच्या पोरीला शोभेल असं उत्तर तिनं दिलं.

“बाबा, कंपनीत नवीन नाटक आलं की तुमी का करता? ज्याची त्याची नक्कल उतरवून घेता न?”

“हो. ज्याची त्याची वाक्यं, ज्याचे त्याचे प्रवेश.”

“शरीरात बी तसंच आहे. लाखो करोडो बारके बारके नट आहेत. एकेकाजवळ नक्कल. कधी यायचं, कधी जायचं, सारं लिहून. जुना नट मरते, नवीन येते, नक्कल पुन्हा उतरवली जाते. तंबाखूनं, सुपारीनं त्या उतरवण्यात चूक होते. एखादं अक्षर बदलते. अन् एका नटाच्या नकलेतून त्याचा जायचा प्रवेशच खोडला जाते.”

मनसारामच्या हातातली सुई थांबली. डोळे चमकले. “म्हणजे मरायचा प्रवेश विसरलेला नट!”

“हो.”

“मंग तो स्टेजवरून हटतच नाई. बाकीच्यायले उभं राहाले जागा नाई.” तो मांडीवर थाप मारून हसला. “असा एक होता आमच्या कंपनीत. अन् तू का करतेस?”

“मी चुकलेली ओळ शोधतो.”

“प्रॉम्प्टर!” मनसाराम ओरडला. “माही पोरगी प्रॉम्प्टर आहे!”

कुंताला इतका आनंद झाला की तिनं त्यात दुरुस्ती केली नाही. प्रॉम्प्टर चुकलेली ओळ नुसती शोधत नाही. तो विंगेतून योग्य ओळ पुटपुटतो आणि नाटक सावरतं. हा फरक तिनं त्या दुपारी सांगितला नाही. शिकवताना उपमा चांगली बसली की शिकवणारा खुश होतो, तशी ती खुश होती.

पुढे हे गावभर झालं. त्याच हंगामात बोडीटोल्याच्या मंडईत नाटकाचं उद्घाटन करायला तिलाच बोलावलं. आपल्याकडे पडदा उघडण्याआधी पाहुण्यांची भाषणं होतात आणि प्रेक्षक ती सोसतात. कुंता माइकसमोर आली, समोर माणसांचा समुद्र पाहिला आणि बापाचं रक्त अंगात उसळलं. “बुधूभाऊला नेणाऱ्या रोगाची ओळ मी शोधून काढीन,” ती म्हणाली. “या मातीतली पोरगी शोधून काढेल!” काय टाळ्या पडल्या! विंगेत उभा मनसाराम रंगवलेल्या मिशीसकट रडला.

शब्द खोटा नव्हता. ती शोधतच होती. पण ऐकणाऱ्यानं त्यात औषध ऐकलं, आणि तसं ऐकू देणं त्या क्षणी गोड वाटलं.

दोन हजार एक सालचा पावसाळा उतरत होता तेव्हा ती दातांचे तीन डॉक्टर आणि बर्फाच्या पेट्या घेऊन आली. गावोगावच्या शाळांत शिबिरं लागली. डॉक्टर तोंडं तपासायचे, संशय वाटला तर बारीक तुकडा काढायचे. अर्धा तुकडा तपासणीला नागपूरला आणि अर्धा कुंताच्या पेटीत, मुंबईला न्यायला. बोडीटोल्याच्या शाळेत लोक रांगेनं आले. माणसं लाजत होती, बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. रांगेच्या शेवटी मनसाराम उभा.

“साऱ्यायचं घेतलं, मंग माह्यं काऊन नाई? मी का परका आहो?”

डॉक्टरांनी टॉर्च मारली. मनसारामनं तोंड उघडलं, तेही जेमतेम. डॉक्टरांचा चेहरा हलला नाही, पण त्यांनी मान वळवून कुंताकडे पाहिलं. डाव्या गालात, ज्या जागी तिनं लहानपणी घोटलेली खर्र्याची गोळी बसायची बरोबर त्याच जागी, पांढऱ्या डागाच्या मधोमध लाल, कडक कडांची जखम होती.

तिनं स्वतः नळी पुढे केली. बापाच्या गालाचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा होता.

आठवड्यात नागपूरचा निकाल आला. कर्करोगच होता, पण लवकर सापडलेला. गालाचा भाग काढावा लागेल, कदाचित जबड्याची थोडी कड. माणूस वाचेल. शस्त्रक्रिया दसऱ्यानंतर करायची ठरली.

“गाणं?” मनसारामनं विचारलं.

“बाबा, जीव राह्यला तर बाकी पाहू.”

“बुधूसारखं बोलीन का मी?”

पेट्यांतला बर्फ वितळत होता. त्या पेट्यांत साऱ्या पंचक्रोशीचे तुकडे होते, आणि ते मुंबईला पोचले नाहीत तर वर्षाचं काम पाण्यात. तिनं सुरेंद्रला जवळ बसवलं, नागपूरच्या दवाखान्याचं सगळं समजावलं, बापाच्या पाया पडली.

“तू जाय बाई,” मनसाराम म्हणाला. “माह्या तुकडा जपून नेजो. हलवजो नाई.”

एसटी सुटली. मांडीवरच्या पेटीत बाप होता आणि बाप मागे थांब्यावर उभा होता. तिनं पेटी सांभाळली.

दसऱ्यानंतर फोन आला. संस्थेच्या दारातल्या फोनवर शिपायानं बोलावलं. आरमोरीच्या बूथवरून सुरेंद्र बोलत होता. “ताई, झालं आपरेशन. घरी नेऊन राह्यलो. बाबा बोलतेत पाह्य.”

मग तो आवाज आला. जाड, लडबडलेला, एका बाजूनं गळणारा.

“कुं... हा... बा... आहो... मी.”

कुंतानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. असले आवाज तिला पाठ होते. संस्थेला लागूनच्या रुग्णालयाच्या वॉर्डात ती रोज ऐकायची. जीभ कुठं अडते, कोणतं अक्षर ओठांत फुटतं, सगळं बरोबर होतं. “बोलू नका, बाबा,” ती रडत म्हणाली. “बोलू नका. मी हंगामात येतो.” फोन ठेवून ती जिन्यात बसली आणि पोटभर रडली. बापाचा सूर गेला म्हणून आणि बाप वाचला म्हणून. मग डोळे धुऊन यंत्राकडे गेली. त्या आठवड्यात बोडीटोल्याच्या नळ्या लावायच्या होत्या.

धान कापून झालं आणि बोडीटोल्याची मंडई लागली तेव्हा ती न कळवता निघाली. सोबत एकच मोठं ओझं होतं, मिक्सरचा खोका. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सगळं पातळ करून द्यावं लागतं. भात, वरण, मासोळीचा रस्सासुद्धा. अख्ख्या प्रवासात तिनं तो खोका मांडीवर ठेवला, काचेचं भांडं फुटू नये म्हणून. आरमोरीहून पहिल्या गाडीनं फाट्यावर उतरली तेव्हा तांबडं फुटत होतं. ती धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालायला लागली. दोन्हीकडे कापलेल्या धानाची खाचरं, त्यांवर धुकं, आणि दूर गावाकडून भोंग्याची घरघर. नाटक अजून संपलं नव्हतं. आपल्याकडे नाटक उजाडल्याशिवाय संपत नाही.

तिला मौज वाटली. बाप मांडवात बसून पाहत असेल. गाता येत नाही तर पाहत तरी असेल.

पेटी वाजली. आणि मोहाच्या झाडावर बांधलेल्या भोंग्यातून सूर आला.

‘नाव सोडली मी वैनगंगे...’

स्वच्छ. भरलेला. पहाटेच्या थंडीत दुधासारखा तापलेला. एक अक्षर अडत नव्हतं, एक सूर गळत नव्हता. अख्ख्या झाडीपट्टीत असा आवाज एकाच गळ्याचा होता.

धुऱ्यावरून शेतावर निघालेली एक म्हातारी थांबली, हात जोडून ऐकू लागली. कुंताला पाहून हसली. “गाते न तुहा बाप, वो माय! ऐकत राहावंसं वाटते.”

कुंताच्या हातून खोका निसटला नाही. तिनं तो नीट धुऱ्यावर ठेवला. मग खाली बसली. ज्या गालाचा अर्धा भाग कापून टाकलेला असायला हवा होता, तो गाल गात होता. जितका सुंदर सूर, तितकं वाईट. एकेक हरकत तिला सांगत होती, शस्त्रक्रिया झाली नाही, झाली नाही, झाली नाही. ‘काठ तुझा तू ठेव’ ही ओळ आली. मग धपकन पडल्याचा आवाज. मग माणसांची गर्जना, “वन्स मोअर!”

आणि मनसाराम पुन्हा गायला.

रंगपटात ती शिरली तेव्हा तो पेटीवर बसून आरशात पाहत होता. झिंगू बाजूला मेकअप पुसत होता. पोरीला पाहून दोघंही थिजले. मनसारामनं या हंगामात म्हाताऱ्या राजाची, लांब पांढऱ्या दाढीची भूमिका मागून घेतली होती. कधी नव्हे ते. कुंता पुढे गेली आणि तिनं ती दाढी सोलून काढली. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती.

“तोंड उघडा.”

“अवं, चहा तर घे...”

“तोंड उघडा, बाबा.”

त्यानं उघडलं. दोन बोटंसुद्धा गेली नसती. आत पाहायला टॉर्चची गरज नव्हती, वासच सांगत होता.

“फोनवर कोण बोललं?”

शेवटी झिंगूच म्हणाला, “मनसारामच बोलला, बाई. गालात फडक्याची गोळी कोंबून. बुधूची नक्कल केली. मी हासलो होतो तवा.” आणि तो हुंदका देऊन तिथंच खाली बसला.

“सुरेंद्रला दोष देजो नाई,” मनसाराम म्हणाला. “त्याले मी शपथ घातली. नागपूरच्या स्टँडवरून आमी परत आलो. बाई, मी इचार केला, तू तुकडा नेला आहे. तुह्या तिथली पोरं रात्रंदिवस यंत्रापाशी बसून राह्यली आहेत. चूक सापडली की तू दुरुस्त करशील. मंग तोवर गाल काऊन कापावा? गाल गेला तर सूर जाते. एक हंगाम थांबून पाहू म्हटलं.” मग त्यानं पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “सापडली का व चूक?”

सापडली होती. निघण्याच्या आदल्या दिवशीच सापडली होती. बापाच्या गालाच्या त्या दाण्याएवढ्या तुकड्यात, ज्या नटाचं काम बिघडलेल्या पेशीला स्टेजवरून हाकलणं, त्याच्याच नकलेत एक अक्षर बदललं होतं. एकच.

“सापडली,” ती म्हणाली.

मनसारामचं तोंड उजळलं. रंग अर्धा पुसलेला, एक भुवई पांढरी, एक काळी, आणि त्या चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद. “मंग! झिंगू, ऐकलंस का बे? सापडली! मंग कर न दुरुस्त!”

त्या क्षणाचं वर्णन करायला कुणी नाटककार हवा.

“दुरुस्त नाई करता येत, बाबा.”

“म्हणजे?”

“वाचता येते. लिहिता नाई येत. अजून कोणालेच नाई येत.”

बाहेर मांडव मोकळा होत होता. बैलांच्या घंटा, बायांच्या हाका, लेकरांचं रडणं. मनसारामनं आरशात पाहून पांढरी भुवई पुसली.

“म्हणजे तू निस्ती वाचतेस,” तो म्हणाला.

“हो. निस्ती वाचतो.”

त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. “वाचणं बी मोठं काम आहे, बाई,” तो म्हणाला. “आमच्या कंपनीत किती जणायले येत होतं?”

नागपूरला नेलं, पण चाकू लावायची वेळ निघून गेली होती. किरणांचा शेक दिला. महिन्याभरात सूर गेला, मग शब्द गेले. मिक्सर खोक्यातून निघाला आणि ज्यासाठी आणला होता त्याच कामाला लागला. कुंतानं मुंबईला रजा कळवली आणि बोडीटोल्यातच राहिली. भात, वरण, रस्सा, सगळं एकाच रंगाचं होऊन त्या काचेच्या भांड्यात फिरायचं. मनसाराम चमच्यानं गिळायचा आणि डोळ्यांनी दाद द्यायचा. दुपारी झिंगू यायचा. बसून बसून एखादा जुना संवाद म्हणायला लागायचा आणि मध्येच अडायचा. तेव्हा मनसाराम बोटांनी खुणा करून पुढची ओळ सांगायचा. ओठ हलवता येत नव्हते. पण एकही ओळ चुकली नाही.

रंगमंचावर इतक्या वेळा, इतक्या थाटात मेलेल्या या माणसानं खरं मरण अगदी साधं केलं. होळी होऊन गेली होती. कुंता मिक्सर धूत होती. भांडं पालथं घालून ती आत आली तर तो गेलेला होता. ना भैरवी, ना गुडघा टेकलेला. चेहरा भिंतीकडे वळवलेला, विंगेत गेल्यासारखा.

त्याला घाटावर नेलं तेव्हा पंचक्रोशीतले नट आले होते. कुणीतरी पद उचललं. पहिल्या ओळीपुढे कुणालाच जमेना.

कुंताचं संशोधन थांबलं नाही. थांबणार कसं? बोडीटोल्याच्या तुकड्यांवरचा तिचा शोधनिबंध बाहेरदेशी छापून आला, नाव झालं. एका मोठ्या परिषदेत ती बोलायला उभी राहिली. पडद्यावर आलेख आला, रंगीत शिखरांची रांग, आणि एका शिखराजवळ बाण. नाव नव्हतं, फक्त क्रमांक. ओळखणारी सभागृहात ती एकटीच होती. मागच्या रांगेतून एका परदेशी शास्त्रज्ञानं नम्रपणे विचारलं, इतक्या लवकर सापडलेल्या या रुग्णाचं पुढे काय झालं?

अशा वेळी एक ठरलेलं उत्तर असतं. तेच तिनं दिलं. “रुग्ण उपचाराला आला नाही.”

सगळ्यांनी माना हलवल्या. असं होतं. गावाकडचे लोक येत नाहीत. तो शास्त्रज्ञ ‘वाईट झालं’ म्हणाला आणि पुढचा आलेख आला. उतरताना कुंताचा पाय पायरीवरून चुकला. कुणीतरी हात दिला.

दोन वर्षांनी बोडीटोल्यानं पुन्हा बोलावलं. मंडईचं नाटक मनसारामच्या आठवणीत होतं आणि उद्घाटन त्याच्या पोरीनं करावं, असं गावानं ठरवलं होतं. दिवेलागणीला ती स्टेजवर चढली. तोच मांडव, तीच माणसं, हारात झेंडू. पहिल्या रांगेतून कुणीतरी मायेनं ओरडलं, “बाई, अवषध कधी येते?”

कुंतानं माइक धरला. तिच्या बापानं तिला शिकवलं होतं, आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे.

“अवषध नाई,” ती म्हणाली. “माह्याजवळ नाई. मी रोग वाचतो, बरा करत नाई. माह्या बापानं माह्यासाठी वाट पाह्यली, अन् वाट पाहून पाहून गेला. मी त्याले खर्रा घोटून देल्ला, अन् मीच त्याले भरोसा देल्ला. लवकर सापडला तर डॉक्टर कापून काढतेत. बोलणं बिघडते, तोंड वाकडं होते, माणूस राह्यते. माही वाट पाहू नका. कोणीच पाहू नका.”

मांडवात कुठूनतरी एक टाळी वाजली, मग दुसरी, मग सगळा मांडव. चांगल्या संवादाला द्यावी तशी जोरदार दाद. मागून एक जण ओरडलाही, “वन्स मोअर!” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्याकडे काळजाला भिडलं की तेच म्हणतात. कुंता उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या माणसांचे हात पन्नीवर रगडत होते, टाळ्यांपुरते थांबले होते, पुन्हा सुरू झाले. ती खाली उतरली. कुणाला वाटलं नाटकच सुरू झालं, कुणाला वाटलं भाषण संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात चूल फुंकत होती, तेव्हा झिंगू आला. रात्रीचा पावडरचा रंग कानामागे तसाच. विनोदी माणूस, पण हसत नव्हता. ओट्यावर बसला, कमरेची खर्र्याची पुडी काढली आणि बाजूला ठेवली.

“काल टाळ्या वाजवणाऱ्यात मी बी होतो,” तो म्हणाला. “मंग घरी गेलो, झोप लागली नाई. मनसाराम गालात फडकं कोंबत होता तवा मी हासलो होतो, हे डोक्यातून जात नाई.” तो थांबला. “पाह्य बाई. माह्यं तोंड पाह्य. पण खरं सांगजो. नाटक करजो नाई माह्यासंगं.”

कुंतानं टॉर्च आणली. झिंगूनं तोंड उघडलं. ज्या तोंडानं अख्खी झाडीपट्टी हसवली ते तोंड आता पुरतं उघडत नव्हतं. तिनं चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला केला. पांढरं होतं. मागच्या बाजूला लालही होतं. तिनं जबड्याखाली बोटांनी चाचपून पाहिलं.

“डाग आहे,” ती म्हणाली. “गाठ लागत नाई. लवकर आहे.”

“म्हणजे कापतील?”

“कापतील.”

“अन् माह्ये विनोद?”

“होतील का नाई, मले माहीत नाई, काका.”

झिंगूनं मान डोलावली. खरं सांगितलं म्हणून जणू आभार मानले. “मंग मी सुरेंद्रसंगं नागपूरले जातो. पोचलो की बूथवरून तुले फोन...”

“फोन नाई,” कुंता म्हणाली.

ती उठली, चुलीतली लाकडं ओढून विझवली, दाराला कडी घातली. मुंबईची गाडी त्याच दिवशीची होती आणि नव्या तुकड्यांच्या पेटीत बर्फ भरलेला होता. तिनं पेटीकडे पाहिलं. ती ओट्यावर तशीच राहू दिली.

“मी संगं येतो,” ती म्हणाली. “तुमाले आत नेतपर्यंत तिथंच थांबतो.”

फाट्यापर्यंत दोघं धुऱ्यावरून चालत गेले. मोहाच्या झाडावरचा भोंगा अजून उतरवलेला नव्हता. त्याच्याखालून जाताना झिंगूनं सवयीनं मनसारामचं पद गुणगुणायला सुरुवात केली. सूर चुकत होता, शब्दही पुढेमागे होत होते. कुंतानं पुढची ओळ त्याला सांगितली नाही. तिला ती म्हणवली नाही.